काजूचे पैसे आणि वालावलीचे आपा

आमच्या शेजारच्या आपांकडे पाहुणा उंबऱ्यात पाय ठेवतो तोच ते विचारतात, "जातलास कधी?" नवखा माणूस खचतो. आम्हाला ठाऊक असतं, की तांदूळ कुठल्या डब्यातला काढायचा ते आपांना ठरवायचं असतं. आज-उद्याचा डबा चुलीजवळ, दोन-चार महिन्यांचा फळीवर आणि वर्षाचा माळ्यावर. माळ्याला शिडी लावावी लागते आणि आपांचे गुडघे दुखतात.

पैशांचंही तसंच. वालावलीत कुणाच्याही हातात चार पैसे आले, की आपा हजर. "लागतले कधी?" म्हणजे हे पैसे लागणार कधी. किती आले, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं नाही. एकदा त्यांनी नवऱ्या मुलाला बोहल्यावर गाठून आहेराबद्दल हेच विचारलं. भटजींनी मंत्र थांबवले, मुलगा गोंधळून "दिवाळीक" म्हणाला आणि आपा समाधानाने पंगतीला गेले.

गेल्या मे महिन्यात आमची काजू बी विकली गेली. ते पैसे माझ्या मुलीच्या, मेघाच्या, नर्सिंग कॉलेजचे. ऑफिसातल्या मित्राने एका शेअरचं नाव कानात सांगितलं होतं आणि ऑगस्टपर्यंत पैसे वाढतील या हिशेबाने मी हवेत होतो. कुंपणापलीकडून प्रश्न आला. मी ऑगस्ट म्हटलं.

"मगे शेअरात कित्याक घालतस? पाच-सात वर्सां लागाचे नायत ते पैसे थंय. ह्ये फळयेवरचे."

फळी म्हणजे मनी मार्केट फंड. पुढे तासभर मी कुंपणाला टेकून ऐकलं. हा फंड सरकारला, बँकांना, मोठ्या कंपन्यांना काही महिन्यांसाठी, फार तर वर्षभरासाठी पैसे वापरायला देतो, म्हणून शेअरसारखा उसळत नाही आणि आपटतही नाही. फार मिळत नाही, हमीही कुणी देत नाही. पण मागितले की एक-दोन कामाच्या दिवसांत खात्यात. मला कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर रागही. तरी त्यांनी मला कुडाळला नेऊन फॉर्म भरायला लावलाच. येताना रिक्षाचं भाडं मीच दिलं.

जुलैत बाजार कोसळला. मित्र जेवणाच्या सुट्टीत डबा उघडेनासा झाला. आणि त्याच आठवड्यात मेघाचा नंबर लागला. चार दिवसांत फी भरा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. मी पैसे काढायला टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खात्यात होते, घातले त्यापेक्षा थोडे जास्तच. फीची पावती हातात आल्यावर मी कॉलेजच्या पायरीवर बसून राहिलो. आपांचे उपकार मी कशाने फेडणार होतो, कोण जाणे.

पेढे घेऊन गेलो तर त्यांनी खोका उघडलाच नाही. तो मांडीवर ठेवून बसले.

"माझ्या सुनीताचो पण नंबर लागलेलो," ते म्हणाले. "मास्तरीण होवचा होता तेका. पैसे होते रे. पण भावोजी एजंट, तेंका नाय कसा म्हणतलंय? पाच वर्सां हात लावूक मिळाचे नायत अशा स्कीमीत घातलंय. भावोजींक बरा वाटला. सुनीता घराक रवली."

मग लग्न होऊन त्यांची ही मुलगी बांद्याला गेली. सणाला येते, पानं वाढते, निघून जाते.

त्यांनी खोका माझ्या हातात परत दिला. "ह्यो बांद्याक घेवन जा. माझ्या हातचे ती घेवची नाय. तुझ्या हातचे घेयत."

रविवारी मी गेलो. सुनीताताईने मेघाचं कॉलेज विचारलं, होस्टेल विचारलं, पैसे कुठे ठेवले होते तेही विचारलं. मी आपांचं नाव सांगितलं. तिने खोक्यातला एक पेढा उचलला. मग तिने तो खाल्ला, आणि म्हणाली, "आपा वेळेर जेवतत मा?"

संध्याकाळी आपांच्या ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. माझं संपल्यावर म्हणाले, "परत सांग."