फाटायच्या आत

चप्पल. डाव्या पायाची, जवळजवळ नवी.

गुडघे दुखतात म्हणून बँक बदललेला एक म्हातारा.

'राजा' हा शब्द. लहानथोर कुणालाही लावावा, कुणी रागावत नाही.

बाटल्यांची झाकणं बनवणारी एक कंपनी. तिथल्या साहेबांच्या टेबलावर कुंडी. तिला पाणी साहेबच घालतात. दुसऱ्याने घातलं तर झाड मरतं, अशी त्यांची समजूत.

या सगळ्याचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. मग एका सकाळी पुतण्याने काकांना फोन लावला.

काका म्हणजे साधी असामी नव्हे. त्यांनी ज्या बँकेतून पैसे काढले, तिला महिन्याभरात टाळं लागलं होतं. "तुम्हाला आधीच कसं कळलं?" असं लोकांनी विचारलं, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "जिना फार होता." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. केवढी दृष्टी, आणि केवढा साधेपणा! तेव्हापासून नातेवाइकांत 'तिथे जिना फार आहे' म्हणजे धंदा बुडणार, असा अर्थ रूढ झाला. पुतण्याने ही गोष्ट ऑफिसात इतक्यांदा सांगितली होती, की त्या झाकणांच्या कंपनीतले लोकही काकांचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसत.

पुतण्यापुढे पेच होता. झाकणांच्या कंपनीत पगार वेळेवर होता, पण काम म्हणजे झाकणच. उलट मित्राच्या नव्या कंपनीत पगाराचा भरवसा नव्हता, पण भिंतीवर खडूने लिहायची मुभा होती. नुकतीच त्याने भाड्याने स्वतंत्र खोली घेतली होती. पाऊल चुकलं तर सामान उचलून वडिलांच्या घरी जायचं आणि रोज जेवताना "सांगितलं होतं ना?" ऐकायचं.

"काका, नोकरी धरून ठेवू की सोडू?"

पलीकडे काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. मग काका कडाडले, "सोड!"

पुतण्या चपापला. काका एरवी 'बघ बाबा'च्या पुढे जात नसत.

"सोडू? पण आता कुठे जम बसतोय—"

"राजा, सोड म्हणतो ना! फाटायच्या आत सोड!"

पुतण्याच्या अंगावर काटा आला. कंपनी फाटणार! सगळ्यांना वरचं कापड दिसत होतं. उसवलेला टाका एकट्या काकांना दिसला होता.

"आणि मित्राचं काय करू?"

"धर त्याला! मागून धर!"

"मागून? पुढून का नको?"

"पुढून चावतो तो!"

फोन बंद झाला. मित्राला धरायचं, पण त्याच्या पुढे पुढे करायचं नाही. भागीदारीचं सगळं शास्त्र तीन शब्दांत!

ऑफिसात पोचताच त्याने दोन ओळींचा राजीनामा साहेबांपुढे ठेवला. साहेब कुंडीला पाणी घालत होते.

"वेडबिड लागलं का रे? कुणाच्या सांगण्यावरून?"

"काकांच्या."

पाण्याची धार थांबली. साहेबांनी उठून दार लावलं.

"ते बँकवाले? नेमके शब्द सांग. तुझे नकोत, त्यांचे."

"फाटायच्या आत सोड."

"फाटायच्या... आत," साहेब पुटपुटले. त्यांच्याही खिशात दुसरीकडच्या नोकरीचं बोलावणं होतं, आणि आठवडाभर ते खिशावर हात ठेवूनच फिरत होते. "तू जा. कुणाला बोलू नकोस."

पुतण्या कुणाला बोलला नाही. साहेब बोलले. हिशेब बघणाऱ्या बाईंनी डबा अर्धा ठेवून विचारलं, "काय रे, जिना दिसला का त्यांना?" विक्रीवाल्याने भिंतीला कान लावून पाहिला. दुसरीकडचे अर्ज छापून छापून दुपारपर्यंत प्रिंटरमधला कागद संपला, आणि तो संपल्याचंही लोकांनी लक्षण मानलं.

पुतण्या भारावून हे सगळं पाहत होता. एका माणसाचा एक शब्द, आणि अख्खी कंपनी हलते! त्याच भरात त्याने मित्राला फोन लावला.

"सोडली रे नोकरी! कधी रुजू होऊ?"

"कशात?" मित्र म्हणाला. "अरे, आपलं कालच आटोपलं. खडू तेवढे उरलेत. मी तर तुमच्याच झाकणवाल्यांकडे अर्ज टाकलाय. जरा शब्द टाक ना माझ्यासाठी."

पुतण्याने घाईघाईने काकांचा नंबर फिरवला. फोन काकूंनी उचलला.

"झोपलेत रे ते. सकाळी फार दमछाक झाली. त्या राजाने माझी नवी चप्पल धरली होती तोंडात."

"कोणत्या राजाने?"

"अगबाई, तुला ठाऊक नाही? कुत्रा आणलाय आम्ही. हे म्हणाले, नाव राजाच ठेवू, जिभेला आयती सवय आहे. पण ऐकतोय कुठे मेला! हे पुढून ओरडताहेत, मी मागून धरतेय. आणि तुझा फोन होता म्हणे? काही कामाचं होतं का?"

"नाही काकू," पुतण्या म्हणाला. "सहज."

तो धावत साहेबांच्या खोलीकडे गेला. साहेब नव्हते. कुंडीही नव्हती. टेबलावर कुंडीचा गोल ओला डाग होता आणि त्या डागाखाली पुतण्याचा राजीनामा, सही न झालेला, दोन्ही ओळी विरघळून निळ्या झालेला. तो परत घ्यायचा तर घ्यायचा कुणाकडून?

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कंपनीच्या मालकीणबाई होत्या.

"काय चाललंय तिथे? तिघांनी नोकरी सोडली! साहेबांनी तर कारण लिहिलंय, 'फाटायच्या आत.' काय फाटतंय?"

"चप्पल," पुतण्या म्हणाला.

"काय?"

"काही नाही, बाई."

"तू कोण बोलतोयस? तू नाही दिलास राजीनामा?"

पुतण्याने ओल्या कागदाकडे पाहिलं. वाचता येईल असं त्यात एक अक्षरही उरलं नव्हतं.

"साहेबांना दिला होता, बाई. त्यांनी त्यावर कुंडी ठेवली."

"मग तो राजीनामा नव्हे, कुंडीखालचा कागद. उद्यापासून साहेबांच्या खुर्चीत तू बस. जमेल?"

सवयीने पुतण्या बोलून गेला, "काकांना विचारून सांगतो."

मग मालकीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते... जिनावाले? ते काही म्हणाले का आपल्याबद्दल?"

पुतण्याने सकाळचा फोन पुन्हा आठवून पाहिला. काकांच्या तोंडून आलेलं सगळंच काही 'सोड' नव्हतं.

"धर, असंही म्हणाले होते," तो म्हणाला.

"मग झालं तर," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सोडलेला निःश्वास फोनमधून स्पष्ट ऐकू आला.

त्या सकाळी राजाने चप्पल सोडली नव्हती.