बिसेनांच्या दोन खोल्यांचा विमा जिंकिल्याची हकीकत

श्रीगणेशास आणि गावच्या मातामाईस वंदन करोन लिहावयास घेतले ऐसे की, शालिवाहन शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी, धान कापोन, मळोन कोठीत पडले असता, चिचगड परगण्यात दोन खोल्यांच्या विम्यास्तव जी मोहीम जाहली, तीत तोफ डागली नाही आणि घोडा पडला नाही, तरी शर्थ ऐसी जाहली की परगण्यात पूर्वी ठाऊक नव्हती. सबब जे घडले ते काही कमी न करिता आणि थोडेच वाढवोन लिहितो.

राजमान्य राजश्री रूपलालजी बिसेन, पोवार कुळीचे, ज्यांचे पूर्वज माळव्याहून या मुलखी उतरले, ते धानाच्या बांध्यांचे, म्हणजे शेतांचे, धनी. कन्या एकच, रुचि, ती लग्न होऊन नागपुरास गेली आणि घर सुने जाहले. मग खुद्द कुटुंब सौभाग्यवती दुर्गेश्वरीबाई यांनी मसलत करोन परसात जंगलाकडे तोंड करोन दोन खोल्या उठविल्या आणि नवेगावचे जंगल पाहावयास येणारे लोक तेथे एक रात, दोन राती मुक्काम करो लागले. तेणेकरोन रूपलालजींस जणू पुन्हा तारुण्य आले. पाहुण्यांस बांध्या दाखवाव्या, त्यांच्या मुलांस बैलगाडीत बसवावे, आणि कोणे एके काळी वाघ आपणांस कैसा दिसता दिसता राहिला ते सांगावे, यात त्यांचा दिवस सरे. भाड्याचा करार कन्या नागपुराहून मोबाईलवर करी, पैका तिजकडे जमा होई आणि ती महिनाअखेरीस बापाचे खाती पाठवी. सबब पैशाची गोष्ट रूपलालजींच्या तोंडी कधी आलीच नाही. दारी उतरला तो पाहुणा, ऐसी त्यांची समजूत कायम राहिली.

ऐसियास कार्तिकात एक टोळी उतरली. त्यांनी कोंबडी भाजावयास ओसरीवर निखारे पेटविले आणि मग गाण्याच्या नादी लागोन निखारे विसरले, ते वरचे बांबूचे छत पेटले. गाव बादल्या घेऊन धावला, खोल्या वाचल्या, छत गेले. रूपलालजी जळक्या बांबूखाली उभे राहोन टोळीस पुसत होते की चहा घेणार की दूध. तेव्हां बाईंचा संताप अनावर जाहला आणि हुकूम सुटला:

"विमा नाही तं पाहुणा नाही! उद्यापासून कुलूप लावून टाकतो, मंग बसा वाघाच्या गोष्टी बैलाले सांगत!"

हे ऐकोन रूपलालजींच्या काळजात धस्स जाहले. बैलाने त्या गोष्टी ऐकिल्या होत्याच.

मग कुडव्याहून विम्याचे वकील, म्हणजे एजंट, शालीकराम यांस पाचारण जाहले. ते स्कूटरवर स्वार होऊन, डोईस मफलर बांधोन, बगलेत कागदांची थैली मारोन दाखल जाहले आणि चहा घेऊन खलबतास बसले. त्यांनी तीन वाटा मांडिल्या. पहिली साध्या घराच्या विम्याची, ती स्वस्त. दुसरी हॉटेलाच्या विम्याची, ती ऐसी महाग की हप्ता भरिता भरिता बांध्या विकाव्या लागतील. तिसरी नवी, घरात पैसे घेऊन पाहुणे ठेविणाऱ्यांसाठी, जीत आग लागली, पाहुण्याने नासधूस केली अथवा पाहुणा पडोन त्याचा पाय मोडला, तरी भरपाई. रूपलालजींचे मन तात्काळ पहिलीवर बसले. तेव्हां शालीकरामांनी देवरीकडील सेवकरामांची हकीकत सांगितली. त्यांचा साधा विमा होता, पाहुण्याच्या विडीने खोली जळाली आणि कंपनीने कळविले की घरात भाड्याचे लोक होते, सबब एक रुपया मिळणार नाही. ते ऐकताच बाईंनी तिसरीवर बोट ठेविले आणि खलबत मोडले.

परंतु तिसरीस पाहणी होती. कंपनीचे अंमलदार हिमांशू साहेब गोंदियाहून जीप घेऊन आले, खोल्या पाहिल्या, भिंती ठोकल्या आणि यजमानांस सहज पुसिले की एका रातीचे किती घेता. रूपलालजींचे कान लाल जाहले. म्हणाले, "पाहुण्यापासून कोण पैसे घेते जी? देवानं दिलं आहे आपल्याले!" आणि साहेबांस हातास धरोन पाटावर बसविले, पोटभर जेवू घातले, वर तांदळाची थैली जीपेत ठेविली. शालीकराम मागोन खुणा करोन थकले. बँकेचे कागद दाखविले तर साहेब हसले. "बेटी बाप को पैसा भेज रही है, इसमें धंधा कहाँ है?" ऐसे म्हणोन त्यांनी खाजगी घर ऐसा शेरा मारिला, साध्या विम्याची शिफारस केली आणि ढेकर देत कूच केले.

रूपलालजी खुशीत घरात आले की स्वस्तात काम जाहले. बाई कुलूप घेऊन उभ्या होत्या.

पुढील दिवस कठीण गेले. नागपुराहून कन्येचे फोन आले, शालीकरामांनी साहेबांची आर्जवे केली आणि अखेर साहेबांनी ऐसे कबूल केले की आपण पुन्हा येऊ, ग्राहक म्हणोन जेवू, आणि मालकाने आपल्या मुखे दर सांगोन पैसे मागितले तर धंदा मानू, ना तर नाही. मग रूपलालजींनी तालीम आरंभिली. गोठ्यात जावे, बैलासमोर हात पुढे करावा आणि म्हणावे, जेवणाचे इतके जाहले. बैलासमोर साधे. माणूस दिसला की जीभ टाळूस चिकटे. शेजारचे उदाराम चुना मागावयास आले, त्यांजवर तालीम करू गेले तर उलट त्यांसच खिशातील वीस रुपये देऊन बसले.

नेमल्या दिवशी साहेब उतरले. खोली पाहिली, हात धुतले, जेवावयास बसले. रूपलालजी स्वतः वाढावयास उभे, कपाळी थंडीत घाम. बाई चुलीपाशी. भात पडला, लाखोरीचे वरण पडले, वांग्याची भाजी पडली. सांगणे अगत्य की दुर्गेश्वरीबाईंच्या वांग्याची कीर्ती पार आमगावापर्यंत होती, आणि लग्नकार्यी आचारी असता लोक बाईंस बोलावोन नेत की भाजीस एक हात लावा.

साहेबांनी घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग म्हणाले, "भाईसाहब, आज ग्राहक हूँ, इसलिए बोल रहा हूँ। सब्ज़ी में नमक नहीं है। वरण में भी नहीं। ऐसा खाना कौन पैसे देके खाएगा?"

वाढावयाचे भांडे हाती तसेच राहिले. रूपलालजींनी बाईंकडे पाहिले, तो बाई खाली मान घालोन निखारे सारीत होत्या. ती खाली मान पाहिली मात्र, आणि त्यांच्या डोक्यात आगच शिरली. आजवर त्या चुलीस कोणी नाव ठेविले नव्हते आणि त्या माउलीस मान खाली घालताना कोणी पाहिले नव्हते.

"कोण पैसे देईल? तुमी देसान!" ऐसे गर्जोन त्यांनी भांडे खाली आपटिले. "माह्या घरी बसून माह्या बायकोच्या हाताले नाव ठेवून राहिले काऊन? काढा पैसे! जेवणाचे दीडशे! भात ताटभर घेतला, त्याचे वेगळे! आन रातच्याले राहाचं असंन तं खोलीचे हजार, आधी ठेवा, मंग गादीवर टेका! फुकट नाही चालून राहिलं हे घर!"

साहेब खदखदा हसले, खिशातोन नोटा काढोन पाटावर ठेविल्या, पावती मागितली आणि तेथेच बसोन शेरा बदलिला की धंदा चोख आहे, मालक कडक आहे, तिसऱ्या विम्यास हरकत नाही. आणि निरोप घेता बाईंकडे वळोन, भले चिंतोन बोलले की, "भाभीजी, कमरे बढ़िया हैं, बस एक रसोइया रख लीजिए।" बाईंनी पदर सावरोन मान डोलविली. जीप गेली.

मग रूपलालजी धापा टाकीत पाटावर बसले. बाईंनी चुलीमागोन एक निराळे भांडे काढिले आणि त्यांचे ताट वाढिले. त्यांनी घास घेतला. भाजी ऐसी होती की आमगावकरांनी वाट वाकडी करोन यावे. ते भांड्याकडे पाहू लागले, मग बाईंकडे.

"रुचिची माय, हे भाजी निराळी आहे का?"

"एकच आहे. त्यायच्या वाटची भाजी आन वरण मीठ घालाच्या आधी काढून ठेवलं होतं."

"कायले वो?"

"तुमचं तोंड कशानं उघडते ते मले माहीत आहे. माह्या नावानं कोणी बोललं का उघडते." आणि बाईंनी आणखी भात वाढिला. "लग्न झालं तवापासून पाहून राहिली."

रूपलालजींचे डोळे भरोन आले. ते उठले की शालीकरामांची स्कूटर मागवितो, साहेबांस देवरीच्या नाक्यावर गाठोन खरे सांगतो, हे भांडे दाखवितो. बाईंनी हुकूम केला की कागदावर शिक्का पडेतो कोणी काही बोलणार नाही आणि शिक्का पडल्यावर बोलोन उपयोग नाही, सबब जेवा.

येणेप्रमाणे पौष मासी विमा मंजूर होऊन कागद दाखल जाहला, छत नवे पडले, कुलूप परत पेटीत गेले आणि माघी पुनवेस कचारगडच्या जत्रेहून परतणारी दोन कुटुंबे खोल्यांत उतरली, त्यांस वाघाची गोष्ट सांगितली गेली. फत्ते पुरी जाहली. आमचेकडील नुकसान ऐसे की, गोंदियाच्या साहेबलोकांत बोलवा पसरली ती आजतागायत आहे, की बिसेनांकडे खोल्या उत्तम, परंतु बाईस स्वयंपाक येत नाही, डबा बांधोन न्यावा. दुर्गेश्वरीबाईंनी ती बोलवा ऐकिली, डबे घेऊन येणाऱ्यांस गरम करोन दिले आणि खुलासा कधी केला नाही. सबब तो आम्ही येथे केला.