हरलेली वीत

खारवलीचं नवप्रकाश क्रीडा मंडळ कबड्डीचा सामना हरलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्याच्या मैदानाची एक वीत कमी होते आणि जिंकलेल्या गावाला जाते. त्या वितीवर जे काही असेल तेही जातं. तालुक्यातल्या सगळ्याच संघांना हा नियम लागू आहे. पण त्या वर्षी नवप्रकाश सलग नऊ सामने हरलं, म्हणून खारवलीत त्याची चर्चा जरा जास्त झाली.

सगळ्यात जास्त त्रास यशवंत तोडणकरांना झाला. तोडणकर मोजणी खात्यात चौतीस वर्षं भूकरमापक होते आणि नवप्रकाशचे सामने त्याहून जास्त वर्षं बघत होते. मैदानाच्या वाचनालयाकडच्या टोकाला एक लांबट काळा दगड होता. तोडणकर प्रत्येक सामना त्या दगडावर उभे राहून बघायचे. बसायचे नाहीत. बसून कबड्डी बघणाऱ्या माणसाला खेळातलं काही कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

पहिल्या पराभवात पाण्याचं पिंप गेलं. दुसऱ्यात शेवग्याचं झाड गेलं, पण ते हद्दीवर असल्यामुळे अर्धंच गेलं. उरलेल्या अर्ध्याला शेंगा येत राहिल्या. तिसऱ्या पराभवात दगड गेला. पुढच्या सहा पराभवांत काही वस्तू गेल्या नाहीत, नुसती जमीन गेली.

दगड गेल्यापासून तोडणकरांना कुठे उभं राहावं ते समजेना. दर रविवारी दुपारी जेवताना ते जाहीर करत, "आज मी जाणार नाही. एवढ्या वर्षांत इतका रटाळ संघ मी बघितलेला नाही. चढाईला जातात आणि देवळात गेल्यासारखे हात जोडून परत येतात."

"नका जाऊ," सुलभाताई म्हणत. त्या त्यांच्या पत्नी.

चार वाजता तोडणकर बूट घालत. साडेसातला घरी येत आणि जेवणाच्या टेबलाशी न बोलता बसत. सातव्या पराभवानंतर त्यांनी कर्णधार संकेत भुवडचा वर्तमानपत्रातला फोटो भिंतीवरून काढला. आठव्यानंतर तो परत लावला, पण उलटा. नवव्यानंतर त्यांनी कपाटातून जुना मोजणीचा टेप काढला आणि मैदान मोजलं. दोन मीटर सात सेंटिमीटर कमी भरलं. नऊने भागल्यावर तेवीस सेंटिमीटर आले. वीत चोख होती.

हिशेब चोख निघाल्यामुळे त्यांचा राग थोडा निवळला आणि त्याच्या जागी कुतूहल आलं. गेलेली जमीन तिकडे कशी असेल, हे त्यांना बघावंसं वाटू लागलं.

त्यांनी तालुका संघटनेच्या सचिवांना पत्र लिहिलं. सचिव शिरधनकर शिस्तीचे होते. आठवड्यात उत्तर आलं. दगड सावरखाडीला असून सुस्थितीत आहे. हरलेली वीत परत मिळवण्याचा मार्ग सामना जिंकणे हाच आहे. गावाकडे शेवटी आलेली वीत आधी जाते. बरोबरी झाल्यास काहीही हलत नाही. पाहणी करावयाची असल्यास यजमान गावाने चहा द्यावा, अशी प्रथा आहे.

सावरखाडी खाडीच्या पलीकडे, मधे होडीची तर चालते. तोडणकर तरीने गेले. तिथलं मैदान त्यांनी मोजलं, ते एक वीत जास्त भरलं. सावरखाडीने त्या वर्षी तो एकच सामना जिंकला होता, बाकीचे सगळे बरोबरीत सुटले होते. वाढलेली वीत ओळखू येत होती. खारवलीची माती तांबडी आहे, सावरखाडीची काळसर. काळसर मैदानाच्या कडेला तांबडा पट्टा होता आणि त्यावर दगड होता. दगडावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"हा दगड माझा आहे," तोडणकर म्हणाले.

"होता," म्हातारे म्हणाले. "बसा. चहा येतोय."

त्यांचं नाव भिकाजी चोगले. वय एक्याऐंशी. तरुणपणी ते सावरखाडीकडून डावा कोपरा खेळत. उजवा गुडघा गेल्यापासून त्यांना उभं राहवत नव्हतं, आणि मैदानाजवळ बसायला काही नव्हतं. सहा वर्षं ते घरात बसून सामन्याचा नुसता आवाज ऐकत होते.

"आवाजावरून काय कळतं?" तोडणकरांनी विचारलं.

"कोण जिंकलं ते कळतं. कसं जिंकलं ते कळत नाही. तुमचा दगड आला आणि मी सहा वर्षांनी पकड बघितली. तुमच्या भुवडचीही बघितली, परवा तालुक्याची निवड चाचणी इथे झाली तेव्हा. चांगला पोरगा आहे, पण मागे सरत नाही."

"म्हणजे काय?"

"त्याच्या मागे अजून सव्वा मीटर जमीन असते आणि तो तिथे जातच नाही. जसं काही मागे भिंत आहे."

तोडणकर तरीने परत आले. घरी न जाता ते थेट मैदानावर गेले. संकेत मुलांचा सराव घेत होता. तोडणकरांनी टेप धरला आणि सराव चालू असताना मोजून दाखवलं. कडेची उभं राहायची जागा पहिल्या तीन-चार विती पुरली होती. त्यानंतर खुद्द क्रीडांगण आखूड होत गेलं. मुलं आखूड जागेत सराव करत होती आणि दुसऱ्या गावच्या पूर्ण मैदानावरही आखूड जागेतच खेळत होती.

"म्हणजे हरलो म्हणून मैदान कमी झालं, आणि मैदान कमी झालं म्हणून हरतोय?" संकेतने विचारलं.

"नोंदीवरून तसं दिसतं."

"मग काका, सुरुवातीला का हरलो?"

"सुरुवातीला तुम्ही वाईट खेळलात," तोडणकर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सराव वाचनालयाच्या मागच्या रस्त्यावर होऊ लागला. तोडणकरांनी चुन्याने पूर्ण मापाचं क्रीडांगण आखून दिलं. संध्याकाळी दोन तास तो रस्ता बंद राही. लोक वळसा घालून जात आणि जाताना आज सराव कसा झाला ते विचारत.

दहावा सामना सावरखाडीशी होता, सावरखाडीत. तोडणकर तरीने गेले, तेव्हा भिकाजी दगडावर बसले होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. तोडणकर त्यांच्या शेजारी जमिनीवर उभे राहिले.

"तात्या, आज आम्ही जिंकलो तर दगड जाईल," ते म्हणाले. हे सांगणं त्यांना आवश्यक वाटलं.

"माहीत आहे. सचिवांचं पत्र मलाही आलंय."

"मग?"

"मग काय? आधी जिंकून दाखवा."

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटाला सावरखाडी एका गुणाने पुढे होती आणि तिचा सगळ्यात उंच गडी चढाईला आला. संकेत मागे सरला. आणखी सरला. ज्या जमिनीवर तो सामन्यात सहा आठवडे गेला नव्हता तिथपर्यंत गेला. उंच गडी त्याच्या मागे आत ओढला गेला आणि मग चौघांनी त्याला खाली घेतलं. बरोबरी. लगेच संकेतने चढाई केली आणि एका गड्याच्या घोट्याला बोट लावून परत आला. एकोणतीस-अठ्ठावीस.

तोडणकर ओरडले नाहीत. घसा तयार होता, पण शेजारी भिकाजी बसले होते. भिकाजींनी गुडघ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "आता सरला मागे. छान सरला."

दुसऱ्या दिवशी सोमवार. सहाला पाच मिनिटं असताना तोडणकर खारवलीच्या मैदानावर जाऊन उभे राहिले. सहा वाजता वाचनालयाच्या बाजूला एक वीत आली. तिच्यावर दगड होता आणि दगडावर भिकाजी चोगले पाय वर घेऊन बसले होते. अंगात स्वेटर होता, पायात काही नव्हतं.

"चपला राहिल्या," ते म्हणाले. "त्या पुढच्या वितीवर काढल्या होत्या."

"तात्या, तुम्ही दगडावर का बसलात?"

"रोज सकाळी बसतो. उन्हाला."

"पण आज जाणार हे माहीत होतं ना?"

भिकाजींनी मैदानाकडे बघितलं. "सहा वर्षं आवाज ऐकला, तोडणकर. परत घरात जाऊन आवाज ऐकणार नाही. दगड जिथे जाईल तिथे मी."

तोडणकरांनी त्यांना हात धरून घरी नेलं. सुलभाताईंनी आणखी दोन घावन घातले आणि तिखट चालतं का विचारलं. आठ वाजता सावरखाडीहून भिकाजींच्या सुनेचा फोन आला.

"बाबा पोचले का?"

"पोचले," सुलभाताई म्हणाल्या. "नाश्ता चाललाय."

"त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दुपारच्या तरीने पाठवते. आणि चपला."

भिकाजी तोडणकरांच्या बाहेरच्या खोलीत राहू लागले. सकाळी उन्हाला आणि संध्याकाळी सरावाला तोडणकर त्यांना दगडापर्यंत पोचवत. भिंतीवरचा उलटा फोटो बघून भिकाजींनी तो सरळ केला. खारवलीच्या लोकांनी आधी त्यांच्याकडे सावरखाडीचा माणूस म्हणून बघितलं. चार दिवसांनी मुलं त्यांना पकड कशी करायची ते विचारू लागली.

पुढचा सामना मोहाच्या वाडीशी होता. गुरुवारी भिकाजींनी संकेतला बोलावून घेतलं.

"रविवारी हरलात तर शेवटी आलेली वीत जाईल. म्हणजे हीच."

"हो आबा."

"म्हणजे मी मोहाच्या वाडीला जाणार. तिथे मी कुणालाच ओळखत नाही. या वयात नवीन गाव नको. तेव्हा नीट खेळ."

संकेत नीट खेळला. सगळेच नीट खेळले. भिकाजी दगडावरून इतके ओरडले की पंचांनी दोनदा मागे वळून बघितलं. तोडणकरही ओरडले. पण मोहाच्या वाडीचा संघ त्या वर्षी खरोखरच चांगला होता. चौतीस-बत्तीस.

सामना संपल्यावर संकेत दगडापाशी आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"आबा, माफ करा."

"कशाबद्दल?" भिकाजी म्हणाले. "अशा हरण्याला काही म्हणता येत नाही. हे बघायला मिळालं."

त्या संध्याकाळी तोडणकर जेवणाच्या टेबलाशी बसले, पण गप्प बसले नाहीत. चौतिसावा गुण कसा गेला ते त्यांनी सुलभाताईंना चमचे मांडून समजावलं. भिकाजींनी दोन चमचे हलवून दुरुस्ती सुचवली. ती तोडणकरांना मान्य झाली.

भिकाजी झोपायला गेल्यावर तोडणकर म्हणाले, "एक्याऐंशी वर्षांचा माणूस. एकटा कसा जाईल?"

"मोहाची वाडी किती लांब?" सुलभाताईंनी विचारलं.

"रस्त्याने दोन तास. वितीने लगेच."

"मग जा तुम्ही. दगडावर दोघं मावाल ना?"

"लांबीला मावू. रुंदी तेवीसच आहे. पाय वर घ्यावे लागतील."

सुलभाताईंनी एका पिशवीत दोघांचे कपडे, भिकाजींच्या गोळ्या आणि दोघांच्या चपला भरल्या. सकाळी पावणेसहाला त्या मैदानापर्यंत आल्या. भिकाजी आधी बसले. चाळीस वर्षं त्या दगडावर उभे राहिलेले तोडणकर त्यांच्या शेजारी पहिल्यांदाच बसले. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

"पुढचा रविवार तिकडेच का?" सुलभाताईंनी विचारलं.

"त्यांचा सामना आहे ना. बघून येतो."

सहा वाजले.

मोहाच्या वाडीचं मैदान डोंगराच्या पोटाशी होतं आणि तिथे थंडी जास्त होती. एक बाई मैदान झाडत होत्या. कडेला तांबडी माती आलेली बघून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि जवळ आल्या.

"आलात का? कालपासून सगळे वाट बघतायत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तोडणकरांकडे बघितलं. "पण एकच येणार असं सांगितलं होतं."

"मी सोबत आलोय," तोडणकर म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि चहात आणखी एक कप पाणी घालायला घराकडे गेल्या.