कानाला डंबेल

१९९४च्या सप्टेंबरअखेर सुरतेतल्या प्लेगच्या बातमीमुळे भारतातून बहारीनला येणारी विमानं बंद झाली. त्यानंतर काही दिवसांतच एका भारतीय शाळेच्या मैदानावर तीस-चाळीस मुलं रांगेत उभी राहून, कानाला लाकडी डंबेल लावून, आपापल्या आईशी बोलत होती.

या दोन घटनांचा संबंध शाळेचे ड्रिल मास्तर जाधव सर यांनी जोडला होता.

जाधव सर महाडकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इथे आले. सनाबिसच्या आमच्या इमारतीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. मी तेव्हा मनामातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. जिन्यात भेटले की ते ‘कसे आहात’ म्हणत नसत. ‘पोझिशन?’ असं विचारत. एकदा मी झोप नीट झाली नाही, पोटही जरा जड आहे, असं सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“डिटेल नको. नॉर्मल की ॲबनॉर्मल?”

“नॉर्मल,” मी म्हणालो. ते समाधानाने पुढे गेले.

शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातानाही. चहा उभ्याने पीत. जिन्यातून जाता-येता प्रत्येकाच्या दाराबाहेरच्या चपला पायाने सारून रांगेत लावत. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नाही. वरच्या मजल्यावरचे मुकादम म्हणायचे, “मी चपला कशापण टाकतंय. सकाळी बघतंय तर सलामीला उभ्या.”

मुकादम खेडजवळचे, एका व्यापारी कंपनीत क्लार्क. त्यांची बायको बाळंतपणासाठी गावी गेली होती. सुट्टी संपल्यावर मुकादम तिसरीतल्या मुलीला, सायमाला, घेऊन परत आले. मुलगा झाला, बाळंतिणीचं तिकीट निघालं आणि विमानं बंद झाली.

शाळेत अशी बरीच मुलं होती. कुणाची आई बाळंतपणाला गेलेली, कुणाची भावाच्या लग्नाला, कुणाची आजारी सासूजवळ. प्लेग बहारीनला आला नाही. रडं मात्र आलं. एक मूल गणिताच्या तासाला सुरू करी आणि घंटा होईपर्यंत अर्धा वर्ग हुंदके देत असे. आई तिकडे आहे आणि तिकडे प्लेग आहे, एवढं मुलांना कळलं होतं. सुरत आणि खेड यांतलं अंतर भूगोलाच्या बाईंनी नकाशावर दाखवलं. नकाशावर ते बोटभर होतं. रडं वाढलं.

प्रिन्सिपलबाईंनी बैठक घेतली. मुलांच्या मनाची काळजी कुणीतरी घ्यायला हवी, यावर एकमत झालं. कुणी घ्यायची, यावर झालं नाही. गणिताचा पोर्शन मागे होता, विज्ञानाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. हिंदीच्या बाई स्वतःच रडत होत्या. शाळेत समुपदेशक नव्हता. ड्रिल मास्तर होते.

“ऑर्डर क्लिअर,” जाधव सर म्हणाले.

त्यांनी दोन दिवस पाहणी केली आणि रोगाचं मूळ शोधलं: शुक्रवारचा फोन. शुक्रवारी सुट्टी. बाप मुलाला घेऊन बूथवर जाई. आधी गावच्या नाक्यावरच्या एसटीडीवाल्याला फोन करून ‘हिला बोलावून ठेवा’ सांगायचं, थोड्या वेळाने पुन्हा लावायचा. तोवर आई धावत आलेली असे. मग इकडे मूल रडे, तिकडे आई रडे, आणि टेलिफोन कार्ड संपे. शनिवारी मूल शाळेत येई ते उरलेलं रडं घेऊन.

“कम्युनिकेशन फेल्युअर,” सर मला जिन्यात म्हणाले. “लाइन चालू, पण मेसेज शून्य. आपला अमोल बघा.”

अमोल हा त्यांचा मुलगा, अकरा वर्षांचा. बायको वारल्यापासून तो महाडला सरांच्या बहिणीकडे होता. त्याचा फोन सर सर्वांना अभिमानाने सांगत. “तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर आहे. अभ्यास चालू आहे. पप्पा, तुम्ही कसे आहात? संपलं. आवाज हलत नाही. कार्डाचे पैसे उरतात. जवानाचा पोरगा आहे.”

तेच शाळेत लागू झालं. व्यायामाच्या खोलीतली लाकडी डंबेल बाहेर काढली. डंबेल कानाला लावलं तर रिसीव्हरसारखं दिसतं, हा शोध सरांचा. पहिल्या शिट्टीला डंबेल कानाला. मग, “एक, तब्येत! दोन, जेवण! तीन, अभ्यास! चार, तुम्ही कशा आहात! थम!” दुसऱ्या शिट्टीला डंबेल खाली. आईशी इंग्रजीत बोलणं बंद. मल्याळी मुलांनी मल्याळममध्ये, तमिळ मुलांनी तमिळमध्ये, पण आकड्यावरच. रडणाऱ्याला रांगेतून बाहेर काढत नसत. “रिपोर्ट आधी. रडं नंतर. नंतर वेळ उरला तर,” एवढंच सांगत.

वेळ उरत नसे. वर्ग शांत झाले. प्रिन्सिपलबाईंनी असेंब्लीत सरांचं कौतुक केलं. आमच्या पेपरानेही डंबेलवाल्या मुलांचा फोटो छापला. फोटोखालच्या ओळी मीच लिहिल्या होत्या.

त्या शुक्रवारी सकाळी इमारतीखालच्या बूथवर मुकादम, सायमा आणि जाधव सर होते. सर पाहणीसाठी आले होते. माझा नंबर त्यांच्या मागे होता. बूथचं दार उघडं ठेवलेलं, कारण आत तिघं मावत नव्हती.

सायमाने रिसीव्हर घेतला. टाचा जुळवल्या.

“अम्मी, तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर आहे. अभ्यास चालू आहे. तुम्ही कशा आहात?”

सायमा घरात आईशी इंग्रजीत बोलायची आणि आई तिला कोकणीत उत्तर द्यायची. ‘तुम्ही’ तिने आईला जन्मात म्हटलं नव्हतं. पलीकडून असा आवाज आला, की मुकादमांनी मुलीच्या हातून रिसीव्हर ओढून घेतला.

“अगो, बरी हाय ती. माज्या समोर उभी हाय... अगो, कसला प्लेग? इकडे काय नाय... खुदाकसम नाय.”

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग सरांकडे वळले. “सर, तुमी माज्या पोरीला काय केलाव? ती म्हणते, पोर रडली नाय म्हंजे तिला कायतरी झालाय, आणि तुमी समदे लपवताव.”

“मला द्या,” सर म्हणाले. त्यांनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला, कारण पलीकडची बाई मोठ्याने बोलत होती. म्हणून पुढचं मलाही ऐकू आलं.

“मॅडम, मी जाधव. ड्रिल मास्तर. पोझिशन नॉर्मल आहे. मुलीला आम्ही ट्रेनिंग दिलं आहे.”

“कसला ट्रेनिंग?”

“फोनवर न रडण्याचं.”

“मास्तर, तुमाला पोर हाय?”

“आहे. मुलगा.”

“आईजवळ हाय?”

“आई नाही त्याला. माझ्या बहिणीकडे असतो.”

“तो फोनवर रडतो?”

“कधीच नाही,” सर म्हणाले. हे नेहमीच्या अभिमानानेच म्हणाले.

“मग तुमी झोपताव कसे?”

सरांनी रिसीव्हर मुकादमांना दिला आणि ते बाहेर आले. मी विचारलं, “पोझिशन?” ते जिना चढून गेले. वाटेतल्या चपला होत्या तशा राहिल्या.

शनिवारी ड्रिलमध्ये बदल झाला. एक हा आकडा आता रडण्याला दिला. शिट्टी वाजली, डंबेल कानाला गेलं, सर ओरडले, “एक, रडा!” मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. मग एक हसला. मग सगळी रांग हसली. सरांनी पुन्हा शिट्टी वाजवली. रांग आणखी हसली. सायमा हसली नाही. तिने डंबेल कानाला धरून विचारलं, “सर, आधी दोन म्हणू का? मला दोनपासून येतं.”

सरांनी तिच्या हातून डंबेल घेतलं. मग सगळ्यांची गोळा केली आणि व्यायामाच्या खोलीला कुलूप लावलं. उरलेला तास मुलांना खोखो खेळायला सांगितलं. प्रिन्सिपलबाईंनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, “एक्सरसाइज कॅन्सल. ऑर्डर चुकीची होती.” चूक कुणाची, असं बाईंनी विचारलं. “देणाऱ्याची,” सर म्हणाले. हे मला मुकादमांनी सांगितलं. त्यांना सायमाने.

पुढच्या शुक्रवारी बूथवर तोच क्रम होता. सायमाने रिसीव्हर घेतला, टाचा जुळवल्या, “अम्मी, तब्येत” एवढं म्हणाली आणि थांबली. पलीकडे आईने काय केलं माहीत नाही. बहुधा बाळाला फोनजवळ धरलं असावं, कारण सायमा म्हणाली, “Is that him?” आणि तिला रडू फुटलं. कार्ड संपेपर्यंत ती रडली. मुकादम बाहेर आले ते कार्ड नाचवत. “कार्ड खलास,” ते मला म्हणाले. “एक शब्द बोलली नाय. बायको खूश हाय.”

मग जाधव सर आत गेले. दार त्यांनी लोटलं, पण ते पूर्ण लागत नसे.

“अमोलला द्या,” ते बहिणीला म्हणाले. मग नेहमीसारखे ताठ उभे राहिले. पलीकडे तीन-चार वाक्यं झाली असावीत, कारण तेवढा वेळ ते मान हलवत होते. एरवी यानंतर ते ‘शाब्बास’ म्हणत आणि फोन ठेवत.

“अमोल,” ते म्हणाले, “रिपोर्ट नको.”

पलीकडे मुलाने काहीतरी विचारलं असावं.

“नाही रे. रागावलो नाही. रिपोर्ट नको, एवढंच. तू बोल. काहीही बोल.”

त्यानंतर ते ऐकत राहिले. आमच्याकडे पाठ करून उभे होते. मागे रांग वाढली. एका पाकिस्तानी ड्रायव्हरने काचेवर टकटक केली, “यल्ला, जल्दी करो, भाईसाब.” मुकादमांनी त्याला खुणेने गप्प केलं. सरांची शिट्टी गळ्यातून पाठीवर गेली होती. ती त्यांनी सरळ केली नाही.

मग दार थोडं उघडलं आणि त्यांचा हात बाहेर आला, पंजा उघडा. चेहरा आतच होता. यंत्रावरचा शिल्लक पैशांचा आकडा शून्याकडे चालला होता. मी माझं नवं कार्ड त्या हातावर ठेवलं.

ते मला दुपारी परत मिळालं. रिकामं.