इंग्रजी बागेची निरगाठ

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता नगरपालिकेच्या इंग्रजी बागेची गाठ सुटली. मी तेव्हा बागेच्या कचेरीत हजेरीपट लिहीत होतो.

बाग जुन्या पद्धतीची होती. गुडघ्याएवढी चार हिरवी कुंपणं एकमेकांच्या खालून-वरून ओवून त्यांची गाठ मारलेली, आणि मधल्या खणांत रंगवार फुलं. निळ्यांच्या खणात निळी, पिवळ्यांच्या खणात पिवळी. गोऱ्या साहेबाने बांधली ती बांधली; त्यानंतर जो तो ती नुसती कातरत आला होता.

त्या दिवशी माळी दौलत शिंगटे यांना एका कुंपणाचं टोक लोंबताना दिसलं. त्यांनी ते जरासं ओढलं. चारही कुंपणं सळसळत सुटली आणि उताराने सरळ होत गेली. एक पोस्टाच्या पायरीशी थांबलं, एक एसटी स्टँडवर. फुलांची सरमिसळ झाली.

"मी नुसतं ओढलं हो," दौलतमामा म्हणाले. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

उद्यान अधीक्षक परांडेकरसाहेब आले. पोस्टापर्यंत चालत जाऊन त्यांनी कुंपणाची लांबी मोजून घेतली.

"गुरुवारी बागांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार. तोवर गाठ बसली नाही तर शिंगटे, तुम्ही निलंबित."

"पण बांधायची कशी, साहेब?"

"ते माळ्याला माहीत असायला हवं."

मंगळवारभर आम्ही सहाजण कुंपणं खांद्यावर घेऊन फिरलो. एकदा वेणी झाली, एकदा नुसताच गुंता. दौलतमामा संध्याकाळी जेवलेही नाहीत.

बुधवारी मी बाजारपेठेतून अंबूबाई पटवेकरांना घेऊन आलो. मंगळसूत्रं गाठवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी कुंपणाचं टोक चिमटीत धरून पाहिलं.

"दोरा चांगलाय. पीळ तेवढा गेलाय. सुरगाठ मारू का निरगाठ?"

"फरक काय?" साहेबांनी विचारलं.

"सुरगाठ ओढली की सुटते. निरगाठ सुटत नाही."

साहेबांनी दौलतमामांकडे पाहिलं. "निरगाठ."

"लिहून द्या," अंबूबाई म्हणाल्या.

साहेबांनी लिहून दिलं, खाली शिक्का मारला आणि देखरेखीसाठी मधल्या खणात जाऊन उभे राहिले.

"साहेब, बाहेर या," दौलतमामा कळवळून म्हणाले.

"तुम्ही मला शिकवू नका."

अंबूबाईंनी टोक ओठांनी ओलं केलं, चार वेढे घेतले आणि पाय रोवून आवळलं. कुंपणं फुगून हनुवटीपर्यंत वर आली. फुलं मुकाट्याने आपापल्या खणात गेली. साहेबांचा शर्ट पांढरा असल्यामुळे सगळी पांढरी फुलं त्यांच्याभोवती जमली.

गुरुवारी परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला. शेऱ्यात 'मधली मांडणी विशेष' असं लिहिलं. दौलतमामांनी शेरा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

शुक्रवारी साहेबांनी बाहेर येण्याचं ठरवलं.

"आता कापावंच लागेल," अंबूबाई म्हणाल्या.

कुंपण कापायला उद्यान अधीक्षकांची परवानगी लागते. साहेबांनी आतूनच रीतसर अर्ज लिहिला. मी तो घेतला, आवक क्रमांक घातला आणि कुंपणावरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला.

"अर्जदाराने कारण काय दिलंय?"

"घरी जायचंय, साहेब."

"हे वैयक्तिक कारण झालं. त्यासाठी सार्वजनिक कुंपण कापता येत नाही." त्यांनी 'नामंजूर' लिहून सही केली आणि अर्ज परत दिला. त्यांचा चेहरा थोडा पडला होता. दुपारी घरून वहिनींनी पाठवलेली पोळी-भाजी मात्र त्यांनी सगळी संपवली.

सहा वाजता लोक पांगले. दौलतमामा फाटकापाशी किल्ल्या घेऊन उभे होते.

"साहेब, कुलूप लावू का?"

पांढऱ्या फुलांतून साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"वेळ झाली असेल तर लावा," ते म्हणाले.