घरामागच्या ओढ्याचा उगम
हल्ली मुलांना पाणी दाखवायचं तर माणसं आठवडाभर रजा काढतात आणि परत येऊन पाण्याऐवजी स्वतःचेच फोटो दाखवतात. आमच्या वेळी असले लाड नव्हते. सहल म्हणजे पायांना झेपेल तेवढी, आणि तीसुद्धा भूगोलाच्या मास्तरांच्या मागून. हे मास्तर म्हणजे माझे यजमान. "जगातल्या कुठल्याही नदीचा उगम विचारा, झोपेतही सांगेन," ही त्यांची प्रौढी. खोटी नव्हती. झोपेत ते बरंच काही सांगायचे.

त्या सुट्टीत माझी ताई आणि भावोजी डोंगरावरची थंड हवा खाऊन आले आणि दोन्ही मुलांना आमच्याकडे सोडायला आले. भावोजी म्हणजे यांचे साडू. हे दोन साडू एका खोलीत बसले की पंखा लावावा लागत नसे. थापांचा वारा पुरायचा. फक्त या वेळी भावोजी जरा घुश्श्यात होते. एवढा खर्च करून गेले आणि वर बर्फाचा खडाही दिसला नव्हता. तो राग त्यांनी यांच्यावर काढला.

"मग मास्तर, तुम्ही काय दाखवणार मुलांना? गच्ची?"

"उगम," हे म्हणाले. "आमच्या घरामागच्या नदीचा."

घरामागे होता तो ओढा. त्यात म्हैस आडवी बसली तर पाणी तिथेच संपायचं.

"वा," भावोजी म्हणाले. "उद्या संध्याकाळी येतो ऐकायला. माझी पोरं खोटं बोलत नाहीत हो."

झालं. साडूसमोर नाक कापलं गेलं तर ते पुन्हा उगवत नाही. यांनी ओढा पुलाच्या पलीकडे कधी पाहिलासुद्धा नव्हता, पण माघार घेतील तर ते मास्तर कसले?

सकाळी निघालो. पुढे टोपी, छत्री आणि नकाशाची गुंडाळी घेतलेले हे. मागे दोन भाचरं आणि आमची कन्या. सर्वांत मागे डबे घेऊन मी. वाट म्हणजे लोकांच्या मागल्या भिंती, वाळत घातलेले लेंगे आणि भुंकणारी कुत्री.

"काका, उगम आला का?" भाचा विचारी.

"नदी कधी घाई करते का?"

"नदीला भूक लागत नाही," माझी कन्या म्हणाली. तिने माझं तोंड उचललं आहे असं सगळे म्हणतात.

अर्ध्या वाटेवर यांनी ओंजळभर पाणी चाखलं. मी डोळे मिटले.

"किंचित खारट. खडकातले क्षार. उगम जवळ आला."

उगम खरंच जवळ होता. एक उंच भिंत, भिंतीला गंजका पाइप आणि पाइपातून पडणारी आमची नदी. वर पाटी होती: बर्फाचा कारखाना. आणि खारट पाणी बर्फ गोठवायच्या मिठाच्या टाकीचं. हे पाटीकडे असे बघत राहिले, जणू ती परीक्षेचा निकाल होती.

एवढ्यात फाटकातून व्यवस्थापक धावत आले. छत्री, टोपी, नकाशा पाहून त्यांना घाम फुटला.

"या पाण्याचा उगम इथेच का?" यांनी खोल आवाजात विचारलं.

"साहेब, पाइप या महिन्यात बदलतो. वर कळवू नका."

"अहो, हे साहेब नाहीत, ते..." मी बोलायला गेले.

"तू थांब जरा," हे म्हणाले. आयुष्यात प्रथमच यांनी छडी न उगारता कोणीतरी यांच्यापुढे चळचळा कापत होतं. ते सुख यांना सोडवेना.

मग आम्हाला आत नेलं. मुलांना आमच्या दारापेक्षा उंच रचलेल्या लाद्या दाखवल्या आणि फोडून प्रत्येकाच्या हातात बर्फाचा तुकडा दिला. परतताना पोरं बर्फ चोखत होती आणि हे गप्प होते. मला इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदा मिळाली.

संध्याकाळी भावोजी दारातच हसत उभे. "काय पाहिलंत रे?"

यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, म्हणजे बोलावं लागू नये.

"बाबा, बर्फ," भाचा म्हणाला. "आमच्याहून उंच. नदी तिथूनच येते."

"बर्फ? इथे?"

"हातात घेतला. बोटं बधिर झाली."

पोरं खरंच खोटं बोलत नव्हती. यांनी तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बऱ्याच मोठ्या नद्यांचा उगम बर्फातच असतो, भाऊ." त्यानंतर जेवणावर जी हिमनद्यांची माहिती सुरू झाली, ती ताट वाळलं तरी संपली नाही. मी वाढत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही जरा बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी दार वाजलं. भावोजी, ताई, गळ्यात कॅमेरा आणि सगळ्यांना लोकरी टोप्या. यांच्या पोटात त्याच क्षणी कळ आली. "तू दाखव ना," असं म्हणून पांघरुणात शिरले ते शिरलेच.

निघाले मी. रविवारी कारखाना बंद असतो हे मला कोण सांगणार? घराला वळसा घालून मागे गेलो तर ओढ्यात थेंब नाही.

भावोजींनी कोरड्या दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाणी कुठे गेलं?"

ज्या बाईने नवऱ्याच्या थापांना उभं आयुष्य नाकं मुरडली, ती एकदा तरी खरं बोलेल असं तुम्हाला वाटलं असेल.

"आज वर सगळं गोठलंय, भावोजी," मी म्हणाले. "चला, चहा घेऊ."