ड्रॅगनचं अंडं

विमा कंपनीत दावे तपासणारा हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी ठोकळ्यांचे किल्ले बांधून त्यांची परीक्षणं करायचा. परी, चेटकीण, ड्रॅगन असलेच संच. कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "माझ्या टेबलावरून आजवर एकही तुकडा हरवलेला नाही."

आई गेल्यापासून वडील त्याच्याकडे राहायला आले होते. ते फारसं बोलत नसत. मुलाचा छंद बघून एकदाच म्हणाले होते, "टक्कल पडलं तुला."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर ड्रॅगनचा किल्ला पसरला होता. रंगांप्रमाणे तुकडे वाट्यांमध्ये ठेवले होते. घरट्यातली दोन पांढरी अंडी एका वाटीत होती. शेजारच्याच वाटीत बायकोनं सासऱ्यांची गोळी काढून ठेवली होती.

किल्ला उभा राहिला, ड्रॅगन बुरुजावर चढला आणि घरट्यात ठेवायला अंडं मात्र एकच निघालं. त्यानं टेबलाखाली रांगून पाहिलं, केराची सुपली चाळली. शेवटी कॅमेरा सुरू करून ठोकळ्यांच्या कंपनीच्या निष्काळजीपणावर तो सडेतोड बोलला.

वडील आरामखुर्चीतून म्हणाले, "आजची गोळी जरा घशात अडकली रे."

त्यानं वाटीत पाहिलं. गोळी जागच्या जागी होती.

वडिलांना घेऊन तो तडक दवाखान्यात पोचला. आईला आणलं होतं तोच हा दवाखाना, तीच बाकं. वडील मात्र हाताची घडी घालून शांत बसले होते.

"काय गिळलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अंडं."

"उकडलेलं?"

"नाही. ड्रॅगनचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "पेशंट नक्की कोण?"

त्यानं खिशातून उरलेलं अंडं काढून दाखवलं. बाईंनी ते बोटांत फिरवून पाहिलं. गुळगुळीत होतं, गोळीएवढंच. त्यांनी वडिलांचा घसा, पोट तपासलं आणि सांगितलं, "आपोआप पडेल बाहेर. पोट दुखलं तर लगेच या."

बाहेर बाकावर बसल्यावर तो उरलेलं अंडं बोटांत फिरवत राहिला. वडिलांनी ते बघितलं. त्यांनी विचारलं, "त्या ड्रॅगनला पिल्लं किती?"

"दोन. म्हणजे, होणार होती."

वडिलांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून तो घाबरला, पण ते हसत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढे रोज सकाळी तो संडासाच्या दाराशी उभा राहून हळूच विचारायचा, "बाबा, काही?" आतून उत्तर यायचं, "रांगेत उभं राहू नकोस, सांगतो." ठोकळ्यांच्या कंपनीकडे मागायची जाहीर माफी त्यानं त्याच दाराशी उभं राहून लिहिली.

एका सकाळी वडील हात पुसत बाहेर आले, चष्मा लावून किल्ल्यापाशी गेले. वाकून बराच वेळ खटपट केली.

"बस," म्हणाले. "कुटुंब पूर्ण झालं."

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "कुठलं ठेवलंत? आधी बाहेर काढा ते!"

तिघंही घरट्यावर वाकले. दोन्ही अंडी सारखीच पांढरी, सारखीच चकचकीत.

"उकळून घेतलंय मी," वडील म्हणाले.

"कशात?" बायकोनं विचारलं.